युद्ध म्हणू नका, विमा बुडेल!

अकरा हजारांच्या आसपास बळी. बारा वर्षं. लढायला ब्रिटिश, गुरखे, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, फिजीचे, आफ्रिकेचे, शिवाय बोर्निओहून आणलेले माग काढणारे. बॉम्बफेकी विमानं, हेलिकॉप्टरं, छत्रीधारी सैनिक, सगळं होतं. आणि तरीही सरकारी कागदांत या प्रकाराला ‘युद्ध’ म्हणायची सोय नव्हती. त्याचं अधिकृत नाव होतं ‘मलायन इमर्जन्सी’. आपल्याला आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवतं. मलायावाल्यांना १९४८ ते १९६० आठवतं.

हे नाव का पडलं, याचं सर्वत्र सांगितलं जाणारं कारण अस्सल व्यापारी आहे. मलायात रबराचे मळे आणि कथलाच्या खाणी, मालक बहुतेक ब्रिटिश आणि विमा लंडनचा. दंगल, जाळपोळ, लूट यांची भरपाई मिळायची. युद्ध जाहीर झालं की विमा कंपनी हात वर करणार. म्हणून मळे जळत होते, गाड्या रुळांवरून घसरत होत्या, सैनिक मरत होते, पण युद्ध? छे, कसलं युद्ध!

कालचा मित्र, आजचा डाकू

समोरचे गनीम कोण, तर कम्युनिस्ट. मलायन कम्युनिस्ट पक्षाची फौज. बहुतेक सगळे चिनी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मलाया घेतला तेव्हा हेच लोक जंगलातून लढत होते आणि त्यांना बंदुका पुरवत होते खुद्द ब्रिटिश. विमानातून पेट्या पडायच्या, जंगलात उघडायच्या. युद्ध संपल्यावर शस्त्रं जमा करा आणि प्रत्येकी ३५० डॉलर घेऊन घरी जा, अशी योजना निघाली. शस्त्रं जमा झाली, पैसे वाटले गेले, पण बरीच हत्यारं जंगलात पुरून ठेवलेली राहिली. १९४८ मध्ये ती उकरली गेली.

१९४६ च्या जूनमध्ये लंडनला विजयाचं भव्य संचलन झालं. त्यात मलायातल्या या जपानविरोधी गनिमांचीही तुकडी होती आणि तिचा म्होरक्या होता लाव यू. पुढे दोनच वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये, क्वालालंपूरजवळ काजांगला पोलिसांच्या गोळीबारात तो ठार झाला. राजापुढून शिस्तीत चालत गेलेला माणूस राजाच्याच पोलिसांच्या गोळीने गेला!

त्याचा साथीदार चिन पेंग याला तर ब्रिटिशांनी ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा किताबही जाहीर केला होता. तो नंतर काढून घेतला आणि त्याच माणसाच्या डोक्यावर अडीच लाख मलायन डॉलरचं इनाम लावलं.

गाडी नेमकी तेव्हाच बिघडली

पण या पक्षाचा सगळ्यात नामी नमुना म्हणजे चिन पेंगच्या आधीचा सरचिटणीस, लाय टेक. हा गृहस्थ आधी फ्रेंचांचा खबऱ्या होता, मग ब्रिटिशांचा झाला, जपानी आल्यावर जपान्यांचा झाला आणि जपानी गेल्यावर पुन्हा ब्रिटिशांकडे आला. यातल्या शेवटच्या उड्या तर कम्युनिस्ट पक्षाचा सर्वोच्च नेता असताना!

१ सप्टेंबर १९४२ ला पक्षाच्या बड्या पुढाऱ्यांची गुप्त बैठक बाटू केव्हजजवळ ठरली होती. होय, तेच बाटू केव्हज, जिथे आता सोनेरी मुरुगनपुढे आपले पर्यटक फोटो काढतात आणि माकडं त्यांच्या हातातल्या पिशव्या पळवतात. जपान्यांनी पहाटे घेराव घातला, अनेक नेते मारले गेले. सरचिटणीस वाचला, वाटेत त्याची गाडी बिघडली होती म्हणे. पक्षातल्या लोकांना संशय यायला आणखी काही वर्षं लागली. १९४७ मध्ये जाब विचारायला बैठक बोलावली तर हा पक्षाची तिजोरी घेऊन पसार. शेवटी बँकॉकमध्ये त्याला गाठून संपवलं. त्याच्या जागी आला विशीतला चिन पेंग. त्यामुळे सशस्त्र उठावाचा निर्णय घेतला तेव्हा पक्षाची तिजोरी रिकामी होती आणि नेता कोवळा होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ठिणगी पडली १६ जून १९४८ ला. पेराक राज्यात सुंगाई सिपुटजवळच्या मळ्यांवर तीन ब्रिटिश व्यवस्थापक गोळ्या घालून मारले गेले. दोन दिवसांत आणीबाणी संपूर्ण मलायात लागू झाली.

आफ्रिकेपासून फिजीपर्यंत

आता खरी गंमत, म्हणजे पाहुण्या फौजांची.

सगळ्यात मोठा भार उचलला गुरख्यांनी, आणि इथे भारताचा थेट संबंध येतो. १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. जुन्या दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या. दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेली. १ जानेवारी १९४८ पासून या चार रेजिमेंटा ब्रिटिश लष्कराच्या झाल्या आणि सहा महिन्यांत मलायाच्या जंगलात उतरल्या. भरतीचे तळ मात्र अजून भारतात, गोरखपूर आणि दार्जिलिंगच्या बाजूला होते. स्वतंत्र भारताच्या भूमीवरून परक्या साम्राज्यासाठी, तेही कम्युनिस्टांविरुद्ध, भरती चालते म्हटल्यावर आपल्या संसदेत डाव्या खासदारांनी आवाज उठवला. दिल्लीने लंडनला गोड शब्दांत ‘आता आवरा’ सांगितलं आणि पन्नाशीच्या दशकात ही केंद्रं नेपाळमध्ये हलली.

आणखी एक भारतीय धागा, आणि हा चटपटीत अजिबात नाही. मलायातल्या कामगार संघटनांच्या महासंघाचा अध्यक्ष एस. ए. गणपती हा तमिळ माणूस, एकेकाळी आझाद हिंद फौजेत होता. पिस्तूल आणि गोळ्या बाळगल्याच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा झाली; आणीबाणीच्या कायद्यात तेवढंही पुरेसं होतं. भारत सरकारने रदबदली केली, नेहरूंनी निषेध केला. ४ मे १९४९ ला क्वालालंपूरच्या पुडू तुरुंगात त्याला फासावर चढवलं.

परत फौजांकडे. फिजीची एक बटालियन १९५२ ते १९५६ मलायात होती. धिप्पाड, हसतमुख आणि जंगलात पाय न वाजवता चालणारे अशी त्यांची ख्याती. तिथे लढलेले रातू पेनाया गानिलाऊ पुढे फिजीचे गव्हर्नर जनरल झाले आणि मग पहिले राष्ट्राध्यक्ष. आफ्रिकेतून किंग्ज आफ्रिकन रायफल्सच्या न्यासालँड आणि केनियातल्या बटालियन आल्या. ऱ्होडेशियातून एक स्क्वाड्रन आली; तिचा तरुण प्रमुख पीटर वॉल्स पुढे ऱ्होडेशियाचा सेनापती होऊन आपल्याच देशातल्या गनिमांशी लढला, आणि हरला. मलायात शिकलेला धडा प्रत्येक ठिकाणी लागू होत नाही, याचं उदाहरण एकाच माणसाच्या चरित्रात मिळतं.

ऑस्ट्रेलियाने १९५० पासून लिंकन बॉम्बर पाठवले. हजारो फेऱ्या, हजारो टन बॉम्ब आणि जंगल इतकं दाट की वरून दिसायचं फक्त हिरवं. त्यात मारले गेलेले गनीम अगदी मोजके. झाडांचं मात्र अपरिमित नुकसान झालं! समुद्रात पाणबुड्या शोधायला बनवलेली सुंदरलँड ही अवाढव्य ‘उडती होडी’सुद्धा या जंगलावर बॉम्ब टाकायला वापरली गेली. जिथे पाणीच नाही तिथे!

सर्वात धाडसी, आणि सर्वात वादग्रस्त, पाहुणे आले बोर्निओतल्या सारावाकहून. इबान जमातीचे लोक, माग काढण्यात पटाईत. तुटलेली काडी, चिखलातला अर्धा ठसा, दगडावरचं पुसलेलं शेवाळ, एवढ्यावर ते सांगायचे किती माणसं गेली आणि कधी. त्यांच्यापैकी अवांग अनाक रावेंग याने मे १९५१ मध्ये स्वतः जखमी असताना एका जखमी ब्रिटिश सैनिकाचं एकट्याने रक्षण केलं. त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला. पण इबान लोकांची जुनी परंपरा होती शत्रूचं मुंडकं कापण्याची. जंगलातून प्रेतं वाहून आणणं अवघड, ओळख पटवायला मुंडकं आणणं सोपं, असा लष्करी हिशेब. एप्रिल १९५२ मध्ये लंडनच्या ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट वृत्तपत्राने कापलेलं मुंडकं हातात धरून हसणाऱ्या ब्रिटिश मरीनचा फोटो छापला. सरकारकडून आधी ‘फोटो बनावट’ असा सूर निघाला. मग संसदेत कबूल करावं लागलं की फोटो खरा आहे.

तलवारबाजीचे मुखवटे आणि झाडावरची उडी

ज्या एसएएस कमांडो दलाचे आज सिनेमे निघतात ते महायुद्धानंतर बरखास्त झालं होतं. त्याचा पुनर्जन्म याच जंगलात झाला. १९५० मध्ये ‘मॅड माइक’ कॅल्व्हर्ट या अधिकाऱ्याने ‘मलायन स्काउट्स’ उभे केले. त्याचं प्रशिक्षण असं: दोन सैनिकांना तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा घालायला लावायचा, हातात छर्ऱ्याची बंदूक द्यायची आणि झाडीत एकमेकांच्या मागावर सोडायचं. जो आधी दिसला त्याला छर्रा बसला. चुकलात की ठणका, बाकी कुणी काही शिकवायला नको.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की जंगलात मोकळी जागा नसते, तर सरळ झाडांवरच पॅराशूटने उतरावं. छत्री फांद्यांत अडकली की दोरीने खाली यायचं. कागदावर सुंदर! प्रत्यक्षात झाडं कधी दीडशे फूट उंच, फांद्या मोडायच्या, छत्र्या फाटायच्या, पाय मोडायचे. बरीच हाडं मोडून झाल्यावर प्रकार बंद झाला. हेलिकॉप्टरने मात्र इथेच नाव काढलं. जखमी सैनिकाला जंगलातून कित्येक दिवसांनी नव्हे, काही मिनिटांत इस्पितळात पोचवण्याची सवय ब्रिटिश फौजेला मलायात लागली.

आणि हे सगळं करणारे बरेच सैनिक होते सक्तीच्या लष्करी सेवेतले अठरा-एकोणीस वर्षांचे पोरगे. ब्रिटनमध्ये तेव्हा मतदानाचं वय होतं २१. मत द्यायची परवानगी नाही, जळवा अंगावर घेऊन गोळ्या झेलायची आहे.

भात शिजवूनच विका

गनीम जंगलात राहतो, पण जेवतो गावात, हे ब्रिटिशांना लवकर कळलं. (ज्यांच्या घरात गनिमी काव्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या जातात त्यांना हे कळायला वेळ लागला नसता.) रबराच्या मळ्यांच्या कडेला झोपड्या बांधून राहणारी गरीब चिनी कुटुंबं गनिमांना तांदूळ, औषधं, बातम्या पुरवत. काही प्रेमाने, काही भीतीने.

१९५० मध्ये जनरल ब्रिग्जची योजना आली: या लोकांना उचला आणि काटेरी तारेच्या आत नव्या गावांत वसवा. सुमारे साडेचारशे ‘नवी गावं’ आणि चार-पाच लाख माणसं. दिवे, पाणी, शाळा, दवाखाना, भोवती तार आणि दरवाज्यावर पहारा. सकाळी मळ्यावर जाताना झडती. मग लोकांनीही डोकं लढवलं: सायकलच्या पंपात तांदूळ, डुकरांच्या खाण्याच्या बादलीत तळाशी तांदूळ.

त्यावर सरकारचा तोडगा: भात एकाच ठिकाणी शिजवायचा आणि शिजवलेलाच वाटायचा. त्या हवेत शिजलेला भात दुसऱ्या दिवसापर्यंत आंबतो. दुकानातून पत्र्याचा डबाबंद माल विकला की दुकानदाराने गिऱ्हाईकासमोर त्याला भोक पाडायचं, म्हणजे साठवता येणार नाही. बंदुकीपेक्षा या भोकाने जास्त गनीम बाहेर काढले असं मला वाटतं. निदान पोट रिकामं असलेल्यांच्या शरणागतीची संख्या तेच सांगते.

याच काळात बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला फोटो आणि अंगठ्याचा ठसा असलेलं ओळखपत्र घेणं सक्तीचं झालं. गनीम बसगाड्या थांबवून प्रवाशांची कार्डं फाडून टाकायचे. आज मलेशियातलं चिप असलेलं ओळखपत्र जगभर कौतुकाचा विषय आहे. त्याचा खापरपणजोबा हा असा जंगलातल्या लढाईत जन्मला. आधारवाल्यांनी वाचून ठेवावं.

आकाशातून हाका

गनिमांना ‘शरण या’ सांगायला विमानातून कोट्यवधी पत्रकं टाकली गेली. सोबत ‘हा कागद दाखवा, कुणी गोळी घालणार नाही’ असे परवाने. पुढे विमानांना लाऊडस्पीकर बांधले आणि शरण आलेल्या साथीदारांचे आवाज जंगलावरून घुमू लागले. झाडाखाली बसलेल्या माणसाला वरून त्याचं नाव घेऊन कुणी हाक मारली की काय होत असेल!

हा प्रचार विभाग १९५० मध्ये सुरुवातीला सांभाळायला आला ह्यू ग्रीन. पुढे तो बीबीसीचा महासंचालक झाला. त्याचा भाऊ ग्रॅहम ग्रीन, होय तोच कादंबरीकार, त्याच हिवाळ्यात मलायात येऊन गुरख्यांच्या गस्तीबरोबर जंगलात फिरून गेला, आणि मग व्हिएतनामला गेला. कादंबरी सुचली तिथे. मलायाचा लेखक व्हायचा मान मिळाला अँथनी बर्जेसला. तो काही वर्षांनी कुआला कांगसारला शिक्षक म्हणून आला. त्याच्या पहिल्या मलायन कादंबरीचं नाव तिथल्या एका बिअरच्या जाहिरातीतून उचललेलं आहे.

हाय कमिशनरची खुर्ची

मलायाच्या ब्रिटिश हाय कमिशनरचं पद तेव्हा अंगावर येणारं होतं. पहिले सर एडवर्ड जेंट यांना आणीबाणी लागताच लंडनला बोलावलं गेलं; ४ जुलै १९४८ ला लंडनजवळ नॉर्थोल्टला त्यांचं विमान दुसऱ्या विमानावर आदळलं आणि ते गेले. त्यांच्या जागी आलेले सर हेन्री गर्नी ६ ऑक्टोबर १९५१ ला फ्रेझर्स हिलच्या रस्त्यावर दबा धरून झालेल्या हल्ल्यात मारले गेले. गाडीतून उतरून ते गोळीबाराच्या दिशेने चालत गेले आणि मागे पत्नी वाचली. चिन पेंगने नंतर आठवणींत लिहिलं की गाडीत कोण आहे हे गनिमांना ठाऊकच नव्हतं.

मग आले जनरल जेराल्ड टेम्पलर. यांच्याबद्दल लष्करात एक किस्सा चालतो: महायुद्धात इटलीत सुरुंग फुटला आणि ट्रकमधला पियानो यांच्या पाठीवर आदळला, तेव्हा पियानोने जखमी झालेला हा एकमेव जनरल. माणूस तिखट. मार्च १९५२ मध्ये तान्जोंग मलिम गावाजवळ पाण्याची नळवाहिनी दुरुस्त करायला निघालेल्या तुकडीवर हल्ला झाला. मेलेल्यांत मायकेल कॉडनर होता. १९४३ मध्ये जर्मन कैदी छावणीतून लाकडी घोड्याखाली भुयार खणून पळालेल्या तिघांपैकी एक. नाझींच्या हातून सुटला आणि इथे गेला. टेम्पलर चिडून गावात पोचले, रोज २२ तासांची संचारबंदी लावली, तांदळाचा वाटा कमी केला. मग प्रत्येक घरात निनावी प्रश्नपत्रिका वाटली: गनीम कोण, सांगा. कुलूपबंद पेट्यांत उत्तरं गोळा झाली आणि त्या पेट्या गावाच्या प्रतिनिधींसमोर क्वालालंपूरला उघडल्या. ‘मनं जिंकणं’ हा शब्दप्रयोग टेम्पलर यांच्या नावाशी जोडला जातो. तान्जोंग मलिमच्या रहिवाशांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळा शब्द सुचवला असता.

आणि बटांग काली. १२ डिसेंबर १९४८ ला स्कॉट्स गार्ड्सच्या तुकडीने या गावात २४ निःशस्त्र पुरुषांना गोळ्या घातल्या. ‘पळून जात होते’ असं सांगितलं गेलं. नातेवाईक लढत राहिले. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्या चौकशीची मागणी फेटाळली.

जिंकलं कोणी?

आकडे सांगतात ते असं: मारले गेलेले गनीम ६,७१०; सुरक्षा दलांचे १,८६५; सामान्य नागरिक २,४७८. जिंकण्याची कारणं मात्र सैन्यापुरती नाहीत. कोरियातल्या युद्धामुळे १९५०–५१ मध्ये रबर आणि कथलाचे भाव आभाळाला भिडले, मोहिमेचा खर्च निघाला. गनिमांना बाहेरून शस्त्रं मिळाली नाहीत. मलय लोक त्यांच्याबरोबर गेले नाहीत. आणि १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाल्यावर ‘साम्राज्याविरुद्ध लढा’ ही हाकच संपली. परदेशी फौजा शूर होत्या, यात शंका नाही. पण नशीबही चांगलं होतं.

हे शेवटचं वाक्य अमेरिकनांनी वाचलं नसावं. मलायातला तज्ज्ञ रॉबर्ट थॉम्पसन १९६१ मध्ये व्हिएतनामला सल्ला द्यायला गेला, ‘नवी गावं’ तिथे ‘स्ट्रॅटेजिक हॅम्लेट’ झाली आणि काही वर्षांत कोसळली. रस्त्याच्या कडेची झाडी मारायला ब्रिटिशांनी मलायात रसायनं फवारली होती. ते उदाहरण दाखवून अमेरिकेने व्हिएतनामवर एजंट ऑरेंज ओतलं.

१९५५ च्या डिसेंबरात बालिंग इथल्या शाळेत वाटाघाटी झाल्या. चिन पेंग जंगलातून बाहेर आला आणि त्याला घ्यायला सरकारने पाठवला जॉन डेव्हिस, महायुद्धात त्याच्याबरोबर लढलेला त्याचा जुना दोस्त. बोलणी फिसकटली. डेव्हिसने त्याला परत जंगलाच्या कडेपर्यंत सोडलं.

आणीबाणी ३१ जुलै १९६० ला उठली. चिन पेंगची लढाई मात्र थायलंडच्या सीमेवर आणखी २९ वर्षं चालली. शांतता करार झाला २ डिसेंबर १९८९ ला. २०१३ मध्ये तो बँकॉकमध्ये वारला. हयातीत मायदेशी परतायची त्याची मागणी मलेशियाच्या न्यायालयांनी मान्य केली नव्हती.

उरलेल्या गनिमांनी दक्षिण थायलंडमध्ये गावं वसवली. बेटोंगजवळचं पियामित भुयार त्यांनीच १९७६ मध्ये खणलेलं, सुमारे एक किलोमीटर लांब. आता पर्यटकांसाठी खुलं आहे. जाणार असाल तर जरूर जा, पण निघण्यापूर्वी तिकडची ताजी परिस्थिती विचारून घ्या. बेटोंग ज्या ‘याला’ नावाच्या प्रांतात आहे तिथे २००४ पासून दुसराच सशस्त्र संघर्ष चालू आहे.